समुद्राचं पाणी घरच्या मरीन टँकमध्ये कसं वापरावं

किनाऱ्यावर राहून मरीन टँक, म्हणजे समुद्री मासे आणि प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, ठेवणाऱ्याला पाहुणे हमखास विचारतात, 'समुद्र दारात असताना मिठाची पाकिटं कशाला विकत घेता?' प्रश्न रास्त आहे. 20 लिटर खारं पाणी बनवायला साधारण 700 ग्रॅम मरीन मीठ (अशा टाक्यांसाठी मिळणारं खास मीठ) लागतं. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं म्हटलं तर मोठ्या टाकीला हा खर्च चांगलाच जाणवतो. समुद्राचं पाणी चालतं, उत्तम चालतं. मात्र घरी आणून त्याचं काय केलंत, यापेक्षा ते कुठून आणि कधी भरलंत यावर जास्त अवलंबून असतं. गाळणीने गाळ निघतो. पाण्यात विरघळलेलं सांडपाणी आणि रसायनं निघत नाहीत.

जागा

मुंबईकरांनी जुहू, दादर, गिरगावच्या चौपाटीवरून पाणी भरण्याचा विचार सोडून द्यावा. शहराचं सांडपाणी नाल्यांतून, मिठी नदीतून, खाड्यांतून याच पाण्यात येतं. मुंबईत असाल तर सरळ मीठ विकत घ्या, त्यात कमीपणा नाही.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्यात असाल तर खाडीच्या मुखापासून, जेटीपासून आणि मासळीच्या कारखान्यांपासून लांबचा, शक्यतो खडकाळ किनारा निवडा. मालवणचं सागरी अभयारण्य 1987पासून संरक्षित आहे, तिथे कॅन घेऊन उतरू नका. आणि कुठेही गेलात तरी पाण्याबरोबर प्रवाळाचा तुकडा उचलून आणायचा नाही. प्रवाळ आणि समुद्रघोड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

सगळ्यात चांगलं पाणी किनाऱ्यावर मिळतच नाही. ओळखीचा नाखवा असेल तर त्याच्याकडे दोन कॅन द्या आणि पाणी नितळ निळं दिसेल तिथे भरून आणायला सांगा. इंजिनाचं पाणी आणि धूर ज्या बाजूने बाहेर पडतो ती बाजू सोडून भरायचं, हेही सांगून ठेवा. पैसे घ्यायला तो बहुधा नको म्हणेल. मग मासळी त्याच्याकडूनच घ्या.

वेळ

भरती पूर्ण होत आली की भरा. ओहोटी लागली की खाडीतलं गढूळ, कमी खारट पाणी बाहेर पडून किनाऱ्याला पसरतं. त्यातही अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळून अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस, गाठा. तेव्हा प्रवाहाला जोर कमी असतो आणि तळ कमी ढवळला जातो.

जूनपासून दिवाळीपर्यंत किनाऱ्याचं पाणी विसरा. नद्यांच्या पुराने खारटपणा घसरतो आणि शेतातली खतं समुद्रात येतात. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या किनाऱ्याला डांबरगोळे, म्हणजे समुद्रात सांडलेल्या तेलाचे गोळेही लागतात. वाळूत काळे चिकट गोळे दिसले तर त्या दिवशी रिकामे कॅन घेऊन परत या. हिवाळ्यात रात्री लाटा निळ्या चमकताना दिसल्या तर फोटो काढा, पाणी भरू नका. ती चमक बहुतेक वेळा नॉक्टिल्युका या सूक्ष्म जीवाची असते आणि त्याच्या पेशींत अमोनिया साठलेला असतो.

भरणं

खाण्याचे पदार्थ ठेवायच्या दर्जाचे प्लास्टिकचे कॅन घ्या. रसायनांचे जुने पिंप कितीही धुतले तरी नकोत आणि धातूचं भांडंही नको. कॅन साबणाने धुवू नका. 20 लिटर समुद्राचं पाणी 20 किलोहून जास्त भरतं, त्यामुळे वाळूतून चालायचं असेल तर दहा लिटरचे कॅन बरे.

कंबरभर पाण्यात प्रवाह जिकडून येतो तिकडे तोंड करून उभे राहा, म्हणजे पायाने उडालेला गाळ मागे जाईल. कॅनचं तोंड खाली ठेवून तो हातभर खोल दाबा आणि आत गेल्यावर उलटा करा. पृष्ठभागावर तेलाचा पातळ थर असतो, तो असा भरल्याने कॅनमध्ये येत नाही.

घरी आल्यावर

कॅन अंधारात एक-दोन दिवस निवळू द्या. तळाशी तपकिरी साका बसेल. तो न हलवता वरचं पाणी नळीने काढून घ्या आणि फिल्टर सॉकमधून (गाळायच्या पिशवीतून) किंवा मलमलच्या चौपदरी कापडातून गाळा. पाण्यातले सूक्ष्म जीव अंधारात मरून कुजतात. म्हणून ठेवायचंच असेल तर एअर पंप चालू ठेवा.

रोगजंतूंची धास्ती असेल तर क्लोरीन वापरा. बिनवासाचं, 4 टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं ब्लीच 20 लिटरला 5 मिली पुरतं. बाटलीवर प्रमाण लिहिलेलं नसेल तर ती बाटली वापरू नका. हे काम गॅलरीत, मोकळ्या हवेत करा आणि ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर जवळही आणू नका. 24 तास हवा सोडल्यावर क्लोरीन तपासा. उरलेलं असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, चिमूट-चिमूट टाकून पुन्हा तपासा. टाकलेलं सगळं क्लोरीन मारायलाही 20 लिटरला दीड ग्रॅम पुरतो. इतका वेळ हवा सोडल्यावर बराच कमी लागतो. चाचणी शून्य दाखवेपर्यंत हे पाणी टाकीजवळ नेऊ नका.

तपासणी आणि वापर

रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणावर, खारटपणा हजारी 35च्या आसपास, म्हणजे विशिष्ट गुरुत्व 1.025–1.026 हवं. तो कमी भरला तर थोडं मरीन मीठ मिसळा, जास्त भरला तर आरओचं पाणी. पीएच 8.0 ते 8.3, अमोनिया शून्य. कॅल्शियम लिटरला 400 मिलिग्रॅमच्या थोडं वर असतं, ते सहसा बघावं लागत नाही. प्रवाळांच्या टाकीत मात्र नायट्रेट आणि फॉस्फेट तपासाच. किनाऱ्याचं पाणी बहुतेक तिथेच फसवतं.

पाण्याचं तापमान टाकीइतकं आणा आणि एका वेळी दहा टक्क्यांहून जास्त बदलू नका. मासे धापा टाकायला लागले किंवा बंद झालेले प्रवाळ दुसऱ्या दिवशीही उघडले नाहीत, तर कॅनमधलं उरलेलं पाणी ओतून द्या आणि तयार ठेवलेल्या मिठाच्या पाण्याने टाकीतलं पाणी बदला. त्यासाठी एक पाकीट घरात कायम असू द्या.

रोज आटणाऱ्या पाण्याची भर समुद्राच्या पाण्याने घालू नका. पाणी उडून जातं, मीठ टाकीतच राहतं. खारं पाणी ओतत गेलात तर महिन्याभरात खारटपणा कुठल्या कुठे जाईल. ती भर आरओच्या पाण्यानेच घाला.