किडनीच्या रुग्णाला धाप लागते तेव्हा घरी काय पाहावं

आईला रात्री खोकला यायचा. आम्ही आठवडाभर कफाचं औषध पाजत राहिलो. एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन, शेवटी ती भिंतीला टेकून बसूनच झोपायला लागली. तो कफ नव्हता, पाणी होतं. किडनी निकामी होत गेली की लघवीवाटे जायचं पाणी आणि मीठ अंगात साठतं. पाय सुजतात, मग पाणी फुफ्फुसात उतरतं आणि आडवं झालं की दम कोंडतो. म्हणून रुग्णाच्या उशा मोजत चला.

आता घरात वजनकाटा आणा. रोज सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करून कॅलेंडरवर लिहा. एका दिवसात किलोभर वाढलं तर ते साधारण लिटरभर पाणीच. डायलिसिस चालू असेल तर डॉक्टरांनी ठरवलेलं ‘ड्राय वेट’, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन, त्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

डॉक्टरांनी सांगितलेलं दिवसाचं पाणी सकाळीच बाटलीत भरा. चहा, ताक, आमटी घेतली की तेवढं बाटलीतून ओतून टाका. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा 42-43 वर असताना, हे किती जड जातं ते मी पाहिलंय. पण तहान मिठानं भडकते. दिवसाचं सगळं मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा कमी ठेवा. लोणचं, पापड बंद. कडक भाकरीबरोबरची शेंगाचटणी सोडवत नाही, पण तिच्यात मीठ आहेच, शिवाय शेंगदाण्यातलं पोटॅशियम आणि फॉस्फरसही. ‘कमी सोडियमचं’ मीठ तर आणूच नका; त्यातही बहुधा पोटॅशियम असतं आणि ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात.

सूज नाही, वजन स्थिर, तरी जिना चढताना धाप लागते? हिमोग्लोबिन तपासा. रक्त बनवायला लावणारं एरिथ्रोपोएटिन आजारी किडनी कमी तयार करते. रक्तात आम्ल साठलं तरी श्वास खोल आणि भराभर चालतो. ताप असेल तर न्यूमोनियाची शंका घ्या. अंगदुखीच्या गोळ्या मनानं घेऊ नका. डायलिसिस तर गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांतही चुकवू नका.

बोलताना वाक्य तुटतंय, ओठ निळे पडलेत, गुलाबी फेस येतोय, असं दिसलं तर थांबू नका. रुग्णाला बसतं करा, पाय खाली सोडा, 108 ला फोन लावा. किडनीचा रुग्ण आहे, शेवटचं डायलिसिस कधी झालं, हे आधी सांगा. निघताना कॅलेंडरचं ते पान बरोबर घ्या.