‘कट्’ आवाज यायच्या आधी

“मॅडम, मणका सरकला ना, एकदाच कट्कन बसवून द्या.” नागपूरच्या कळमना मार्केटमधले एक हमालदादा मणक्याला झटका देण्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवत धंतोलीतल्या आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये टेबलावर पालथे झाले. बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, होऊन मला जेमतेम सहा महिने झाले होते आणि माझेही हात शिवशिवत होते. सीनियर सरांनी मात्र आधी विचारलं, “लघवी नीट होते का?” दोन दिवसांपासून अडखळत होती आणि बसायची जागा बधिर झाली होती, म्हणजे मणक्यातल्या नसा दबल्याची धोक्याची खूण. दादांना तिथूनच मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला पाठवलं. तो प्रश्न मला सुचला नव्हता, हे आजही बोचतं.

व्हिडिओतला तो झटका कायरोप्रॅक्टिकमधला, म्हणजे हाताने मणके आणि सांधे हलवून उपचार करण्याच्या पद्धतीतला. ही पद्धत 1895 साली अमेरिकेत डॅनियल डेव्हिड पामर यांनी सुरू केलं. त्यातलं सर्वांत जास्त दिसणारं तंत्र म्हणजे डायव्हर्सिफाइड, हाताने छोटा पण वेगवान झटका. गॉन्स्टेडमध्ये तपासणी आणि एक्स-रेवरून नेमका एकच मणका निवडतात. थॉम्पसनमध्ये दाब देताच टेबलाचा एक भाग किंचित खाली पडतो, त्यामुळे जोर कमी लागतो. अ‍ॅक्टिव्हेटर हे स्प्रिंगचं हातात मावणारं उपकरण आहे. फ्लेक्शन-डिस्ट्रॅक्शनमध्ये झटका नसतोच, टेबल कमरेखाली हळूहळू वाकतं. गादी सरकलेल्या पेशंटसाठी हे मुख्यतः वापरतात.

‘कट्’ आवाजाबद्दल एक गैरसमज आपल्या फिजिओंमध्येही आहे. त्या आवाजाने हाड जागेवर बसत नाही. सांधा झटकन ताणला की आतल्या द्रवातला दाब घटतो आणि वायूची पोकळी तयार होते. आवाज आला नाही म्हणून पुन्हा झटका मारू नका.

मानेच्या बाबतीत तर मी फार कडक आहे. मान फिरवून दिलेल्या झटक्यानंतर मणक्यालगतची रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. त्या विरळ आहेत, पण चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं किंवा अचानक उठलेली, आधी कधीच नव्हती अशी मानदुखी असेल तर हात लावू नका. हाडं ठिसूळ असतील, पूर्वी कॅन्सर झाला असेल किंवा ताप असेल, तरीही झटका नाहीच.

दोन दिवसांच्या वर्कशॉपवर नावापुढे कायरोप्रॅक्टर लिहू नका. आपण फिजिओ शिकतो त्या मेटलंडच्या पद्धतीत सांधा हाताने हलवण्याच्या पायऱ्या, म्हणजे ग्रेड, ठरलेल्या आहेत आणि झटका पाचव्या ग्रेडला येतो. पहिलं वर्षभर आधीच्या चार ग्रेडवर हात बसवा. आज मैत्रिणीची पाठ मागा. दोन्ही बाजूंच्या कंबरहाडांच्या वरच्या कडा बोटांनी शोधा आणि अंगठे मधोमध आणा, साधारण चौथा कंबरमणका तिथे सापडतो. डोळे मिटूनही सापडेपर्यंत शोधत राहा.