व्यापाराचा इतिहास वेळेवरून कसा वाचावा: मुंबईतील अभ्यासकासाठी एक पद्धत

जागतिक व्यापाराचा इतिहास वाचताना आपण बहुधा माल, मार्ग आणि किंमत यांची टिपणे काढतो. वेळ ही गोष्ट तारखांच्या रूपाने पानावर असते खरी, पण तिचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. हा हिशेब मांडण्याची एक पद्धत येथे देत आहे. ती मुंबईत बसून वापरता येते, कारण समुद्रव्यापाराच्या वेळापत्रकातील बहुतेक मोठ्या बदलांच्या खुणा या बंदरावर उमटलेल्या आहेत. साहित्य फारसे लागत नाही. एक वही, भरती-ओहोटीचे कोष्टक आणि जुनी वर्तमानपत्रे व कागद पाहण्यासाठी एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय किंवा काळा घोड्याजवळचे राज्याचे पुराभिलेखागार एवढे पुरे. प्रत्येक व्यवहारासाठी एक पान घ्यावे आणि त्यावर तीन प्रश्न लिहावेत: थांबले कोण, किती काळ थांबले, आणि त्या थांबण्याचा खर्च कोणाच्या अंगावर पडला. वेग वाढला की थांबणे संपते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा एकाच्या गळ्यातून निघून दुसऱ्याच्या गळ्यात पडते, आणि कोणाच्या, हे शोधून काढायचे आहे.

पहिले पान वाऱ्याचे असावे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात सोपारा आणि कल्याण ही बंदरे येतात, आणि हिंदुस्थानकडे येणारी जहाजे इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघत असेही कळते. नैर्ऋत्य वाऱ्यावर आलेले जहाज ईशान्येचे वारे सुरू होईपर्यंत परत फिरू शकत नसे. येथे थांबणारा खुद्द व्यापारी होता, आणि अशा थांबण्याचा किनाऱ्यावरील परदेशी वस्त्यांशी जवळचा संबंध आहे. १०व्या शतकात चौलला आलेल्या अल-मसूदीने तेथे सुमारे १०,००० मुसलमान राहत असल्याची नोंद केली. त्यांत इराणी किनाऱ्यावरील सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडून आलेले लोक होते आणि इकडेच जन्मलेली त्यांची संततीही होती.

हुंडीचे, म्हणजे पैसे देण्याच्या लेखी आदेशाचे, पान लवकर भरते. दर्शनी हुंडीचे पैसे दाखवताच मिळत, मुद्दती हुंडीचे ठरलेल्या दिवसांनंतर. म्हणून जुनी हुंडी हाती आली तर रकमेआधी मुद्दत पाहावी, कारण थांबण्याचा दर व्याजाच्या रूपाने तेथेच ठरलेला असतो.

कापसाच्या पानाला मात्र सावकाश बसावे. त्याचे दोन रकाने करावेत: माल पोहोचण्याची वेळ आणि बातमी पोहोचण्याची वेळ. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, तेव्हा मुंबईचा भाव भडकला. पण शिडाच्या जहाजातून केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणाऱ्या गाठींना लिव्हरपूल गाठायला महिने लागत, म्हणजे आज येथे घेतलेल्या कापसाचा तेथील भाव अजून ठरायचाच असे. या अनिश्चित महिन्यांवर मुंबईत समभागांचा आणि वायद्यांचा डोलारा उभा राहिला आणि व्यापारी प्रेमचंद रायचंद त्याचे अनभिषिक्त राजे झाले. १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या दक्षिणेकडील बंडखोर राज्यांचा सेनापती जनरल ली शरण आला आणि युद्ध संपत आले. त्याच वर्षी इराणच्या आखातामार्गे युरोपशी तारेने संबंध जुळला होता, त्यामुळे भाव पडल्याची वार्ता मालाच्या कितीतरी पुढे धावू लागली. वायद्यांची मुदत १ जुलै १८६५ रोजी भरली आणि देणेकरी उभे राहू शकले नाहीत. हा प्रसंग लोभाची गोष्ट म्हणून पुष्कळदा सांगितला जातो. दोन रकान्यांत मांडला की तो दोन वेगांमधील अंतराची गोष्ट दिसतो.

याच रकान्यांत १८६९ आणि १८७० ही दोन वर्षे घालावीत. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि मुंबई–लंडन सागरी अंतर सुमारे ४० टक्क्यांनी घटले. १८७० मध्ये मुंबई–एडन–सुएझ समुद्री तार पडली. पाठ्यपुस्तकांत कालव्याला परिच्छेद मिळतो आणि तारेला ओळ. माझ्या मते वजन उलटे असायला हवे, कारण गाठ बंदरातून हलण्याआधीच ती लिव्हरपूलमध्ये विकणे तारेमुळे सोपे झाले, आणि भावाची जोखीम घेऊन महिनोन्‌महिने थांबणाऱ्या व्यापाऱ्याचे महत्त्व कमी होत गेले.

कालव्याचा परिणाम पाहायचा तर गोदीकडे जावे. आगबोट महाग, आणि ओहोटीत नांगर टाकून उभी असली तरी तिचा खर्च चालूच राहतो. म्हणून दरवाजे लावून पाणी अडवणाऱ्या गोद्या आल्या: १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक. भरतीचे कोष्टक सोबत असेल तर अशा गोदीने दिवसातले किती तास वाचवले याचा अंदाज बांधता येतो.

यानंतर एक सावधगिरी. १८७० च्या दशकापासून स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांपर्यंतच्या मुंबईच्या कोणत्याही कागदात तास लिहिलेला असेल, तर तो कोणत्या घड्याळाचा हे आधी ठरवावे. रेल्वे मद्रासच्या वेळेने चाले, शहर स्वतःच्या. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी मद्रासची वेळ शहरावर लादून पाहिली आणि विरोधामुळे दोन वर्षांत ती मागे घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे. महापालिकेने मात्र पुढे अनेक वर्षे जुनी वेळ सोडली नाही. गिरणी कामगारांनी प्रमाणवेळेला विरोध केला तो अभिमानापोटी, असे समजू नये. भोंगा नव्या घड्याळाने वाजला तर त्यांना सूर्याच्या हिशेबाने तेवढेच लवकर उठावे लागणार होते. त्याआधीच विजेच्या दिव्यांनी सूर्यास्ताची मर्यादा मोडून पाळी लांबवली होती. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली, ती नोंद याच पानावर घ्यावी, कारण चीनला जाणाऱ्या मुंबईच्या सुताचे वेळापत्रक या माणसांच्या दिवसावर उभे होते.

कंटेनरसाठी दोनच तारखा पुरतात: १९५६ मध्ये अमेरिकेतील नेवार्कहून कंटेनर घेऊन निघालेले ‘आयडियल एक्स’ जहाज आणि १९८९ मध्ये सुरू झालेले मुंबईजवळचे न्हावा-शेवा बंदर. जहाजाचे बंदरातील दिवस तासांवर आले आणि जुन्या गोदीतील हमालांचे काम आटले. डेमरेजची, म्हणजे माल बंदरात मुदतीपेक्षा जास्त पडून राहिल्याच्या आकाराची, पावती मिळाली तर कोणत्या दिवसापासून आकार सुरू होतो ते पाहावे.

शेवटची पाने आजची. न्यूयॉर्कचे घड्याळ उन्हाळ्यासाठी एक तास पुढे गेले की मुंबईतील एमसीएक्स या वायदेबाजारातील सोने आणि कच्च्या तेलाचे व्यवहार रात्री ११.३० ला थांबतात, एरवी ११.५५ ला; येथे जागणारा दलालाच्या कचेरीतील माणूस असतो. उलट, जानेवारी २०२३ पासून सर्व शेअरांची पूर्तता, म्हणजे पैसे आणि शेअर यांची देवघेव, सौद्यानंतरच्या पुढच्याच कामकाजी दिवशी होऊ लागली. ही योजना पुढे आली तेव्हा परदेशी गुंतवणूकदारांची हरकत होती की वेळेच्या फरकामुळे रुपयांची तजवीज करायला त्यांना पुरेसे तास उरणार नाहीत. या दोन व्यवहारांची पाने वहीत समोरासमोर ठेवावीत आणि तिसऱ्या प्रश्नाचे (थांबण्याचा खर्च कोणाच्या अंगावर पडला) उत्तर दोन्हींवर वेगवेगळे लिहावे.