डोकेदुखीची नोंद कशी ठेवावी आणि कशी वाचावी

मायग्रेन सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही आणि रक्ततपासणीतही सापडत नाही. त्याचे निदान मुख्यतः रुग्ण जे सांगतो त्यावरून होते. केईएम, नायर किंवा शीव रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते, आणि तिथे केवळ ‘डोके फार दुखते’ एवढेच सांगितले तर डॉक्टरांच्या हाती फारसे काही लागत नाही. म्हणून वाट पाहण्याजोग्या डोकेदुखीत पहिले काम नोंदीचे असते.

मात्र काही दुखण्यांसाठी वाट पाहूच नये. क्षणार्धात पराकोटीला गेलेले दुखणे, तापासह आखडलेली मान, हातापायांतील अशक्तपणा, अडखळती वाणी, शुद्ध हरपणे किंवा डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारी वेदना, यांपैकी काहीही असल्यास थेट तातडीच्या विभागात जावे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी आणि गरोदरपणातील नवी डोकेदुखीही लवकर दाखवावी.

नोंदीसाठी वेगळी वही हवीच असे नाही; भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ज्या चौकटीत दुधाचा हिशोब लिहिला जातो, तीही पुरते. दुखणे कधी सुरू झाले व कधी थांबले, कोणत्या बाजूला होते, ठणकत होते की आवळल्यासारखे वाटत होते, हालचालीने वाढले का, मळमळ झाली का, उजेड व आवाज सहन होत होता का आणि कोणती गोळी किती घेतली, एवढे लिहावे. उदाहरणार्थ: ‘मंगळवार. दुपारी ४ ला सुरू. डावीकडे ठणका. दादरचा पूल चढताना वाढला. गाडीतले दिवे नकोसे. उलटी. १ गोळी. रात्री ११ ला थांबले. दुपारी जेवण नाही.’

ही नोंद मायग्रेनकडे बोट दाखवते. प्रौढांमध्ये उपचार न केल्यास मायग्रेनचा झटका ४ ते ७२ तास टिकतो, बहुधा ठणकतो, जिना चढण्यासारख्या साध्या हालचालीने वाढतो आणि त्यासोबत मळमळ किंवा उजेड व आवाजाचा त्रास असतो. दुखणे एकाच बाजूला असलेच पाहिजे, असे मात्र नाही. काहींना झटक्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात. असा अनुभव साधारणतः ५ ते ६० मिनिटे टिकतो. ज्या स्त्रियांना तो येतो त्यांनी गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण इस्ट्रोजेनयुक्त गोळ्यांमुळे पक्षाघाताचा धोका वाढू शकतो.

आपल्याकडे असे कितीतरी झटके ‘पित्ता’च्या खाती जमा होतात. उलटी झाली, बरे वाटले, म्हणजे पित्तच होते, हा तर्क घरोघरी ऐकू येतो. वस्तुतः मळमळ हा झटक्याचाच भाग असतो आणि उलटीनंतर उतार पडणे मायग्रेनमध्येही घडते. नाक चोंदले म्हणून सायनसला दोष देण्याचेही तसेच आहे.

ताणजन्य डोकेदुखी सर्वाधिक आढळते. ती दोन्ही बाजूंना, कपाळाभोवती फडके घट्ट बांधल्यासारखी जाणवते, अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत राहू शकते, पण माणूस बहुधा कामे करू शकतो आणि उलटी होत नाही. क्लस्टर डोकेदुखी विरळा असते, पण अत्यंत तीव्र: एकाच डोळ्याभोवती १५ मिनिटे ते ३ तास वेदना, त्याच बाजूच्या डोळ्यातून पाणी, आणि मायग्रेनचा रुग्ण अंधारात पडून राहू पाहतो तिथे हा रुग्ण अस्वस्थपणे येरझाऱ्या घालतो.

महिन्याभराच्या नोंदीत झटक्याआधीचा दिवसही पाहावा. चुकलेले जेवण, चतुर्थीचा कडक उपवास, अपुरी झोप, मासिक पाळी, ऑक्टोबरचे ऊन, रोजचा चहा अचानक सुटणे, यांपैकी काय पुन्हा पुन्हा येते ते प्रत्येकाचे वेगळे असते. शेजारणीने चीज सोडले म्हणून आपणही सोडण्यात अर्थ नाही.

गोळ्यांचा रकाना सर्वांत काटेकोरपणे भरावा, कारण लोक नेमके तेच लपवतात. साधी वेदनाशामके महिन्यात १५ किंवा त्याहून अधिक दिवस, आणि ट्रिप्टान (मायग्रेनच्या झटक्यावरची खास औषधे) किंवा एकाच गोळीत अनेक औषधे असलेली मिश्र वेदनाशामके १० किंवा त्याहून अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर औषधामुळेच डोकेदुखी जडू शकते. केमिस्टकडून सुटी घेतलेली गोळीही मोजावी आणि रिकामी पाकिटे तपासणीला सोबत न्यावीत. हृदयविकार असल्यास ट्रिप्टान आणि दमा असल्यास झटके टाळण्यासाठी दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल सहसा टाळले जाते, तेव्हा हे आजार केसपेपरवर लिहून घेतले आहेत ना, हे तिथेच पाहावे.