बडी पास दिला आणि पगार कमी आला? या चुका टाळा

अमेरिकेत एअरलाइनमध्ये नोकरी लागली की घरून पहिला फोन येतो, "आता काय बाबा, तुला विमान फुकट!" आणि पहिल्या वर्षी आपणही तसंच धरून चालतो. मी सासूबाईंना बडी पासवर, म्हणजे कर्मचाऱ्याने आपल्या माणसांना रिकाम्या सीटवर स्वस्तात उडायला दिलेल्या पासवर, मुंबईहून आणलं, महिन्या-दीड महिन्याने पे स्लिप बघतो तर हातात येणारे पैसे कमी आणि वर एक ओळ, इम्प्युटेड इन्कम, म्हणजे हातात रोख न येताही टॅक्ससाठी कमाई धरलेली सवलत. तणतणत पेरोलला फोन लावला, तर चूक माझीच निघाली.

मुख्य गोष्ट म्हणजे टॅक्स नात्यावर ठरतो. अमेरिकेच्या इन्कम टॅक्स कायद्याच्या कलम १३२ प्रमाणे तुम्ही स्वतः, नवरा किंवा बायको, तुमच्यावर अवलंबून असलेली मुलं आणि फक्त विमानप्रवासापुरते तुमचे आई-वडील, एवढ्यांचा रिकाम्या सीटवरचा प्रवास टॅक्स-फ्री. सासू-सासरे त्यात नाहीत! भाऊ-बहीण, मित्र, लग्नाशिवाय सोबत राहणारा पार्टनर, कमावता मुलगा, कुणीच नाही. बायकोला हे सांगताना काय झालं ते जाऊ दे.

आता हिशोब बघा, कारण गोंधळ इथेच होतो. मित्राच्या प्रवासाची किंमत ४०० डॉलर धरली आणि त्याने पासचे १०० भरले, तर उरलेले ३०० टॅक्ससाठी तुमच्या पगारात मिळवले जातात. तुम्ही २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर ६६ डॉलर फेडरल टॅक्स, वर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के म्हणजे साधारण २३, झाले ८९, आणि स्टेट टॅक्स असेल तर तो वेगळा. मित्र म्हणतो मी तर पैसे भरले ना, पण त्याने भरला तो पासचा चार्ज आणि एअरपोर्ट-सरकारी फी, तुमचा इन्कम टॅक्स त्यात नसतो, त्यामुळे हे आधीच बोलून घ्या, नंतर मागायला लाज वाटते. आणि वर चार पैसे सुटावेत म्हणून पास विकायच्या फंदात तर पडूच नका, नोकरी जाते.

दुसरी चूक रिटर्न भरताना. ही रक्कम डब्ल्यू-२ च्या, म्हणजे कंपनी वर्षाच्या पगाराचा जो फॉर्म देते त्याच्या, बॉक्स १ मध्ये आधीच मिळवलेली असते, ती परत वेगळी इन्कम म्हणून टाकली की त्याच पैशांवर दोनदा टॅक्स.

आकडा पटत नसेल तर आधी नाव, तारीख आणि सेक्टर (कुठून कुठे उडाले ते) जुळवा. माझ्या एका सहकाऱ्याच्या आईची नोंद सिस्टिममध्ये चुकून कम्पॅनियन, म्हणजे घरच्यांबाहेरचा सोबती, म्हणून झाली होती, वर्षभर टॅक्स कापला गेला आणि त्याला पत्ताच नाही. लिस्टिंग केलं, म्हणजे फ्लाइटच्या यादीत नाव लावलं, पण सीट न मिळाल्याने माणूस उडालाच नाही, तर त्या फेरीची रक्कम लागलेली नाही ना तेही बघा. चूक सापडली तर डब्ल्यू-२ निघायच्या आत, डिसेंबरमध्येच पेरोलला सांगा, नंतर दुरुस्त फॉर्मची कटकट.

भारतातल्या एअरलाइनमध्ये असलेला मावसभाऊ म्हणतो आमचं असलं काही कापत नाहीत. बरोबर आहे त्याचं, एप्रिल २०२६ पूर्वी लागू असलेल्या १९६२ च्या आयकर नियमांतल्या नियम ३(६) मध्ये एअरलाइन आणि रेल्वेच्या कर्मचाऱ्यांना यातून वगळलं होतं, पण तो हिशोब इथे लावू नका.

सासूबाईंना परत पाठवताना मी सेलमधलं साधं तिकीट काढलं, टॅक्स धरून फरक किरकोळ होता आणि स्टँडबायवर, म्हणजे सीट उरते का याची वाट बघत, गेटपाशी ताटकळणंही वाचलं.