बायोडिझेलची टाकी: रंगाचा डबा उघडण्याआधी

पावसाआधीचे कोरडे दिवस टाकीच्या डागडुजीला सोयीचे असतात. मात्र आतून अस्तर, म्हणजे गंज रोखणारा लेप, नेमके कोणत्या टाकीला हवे, हे आधी ठरवा. सगळ्यांना ते लागत नाही.

तेल, मेथनॉल आणि कॉस्टिक सोडा ज्या टाकीत ५५ ते ६० अंश सेल्सिअसला ढवळता, ती बिनअस्तराचीच बरी. स्टेनलेस स्टील उत्तम, साधे लोखंडही चालते. कॉस्टिक त्याला फारसे खात नाही. उलट गरम मेथनॉलने बहुतेक लेप मऊ पडतात आणि सुटलेले पापुद्रे पंपात अडकतात. ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा इथे अजिबात नको. कॉस्टिकशी गाठ पडली की त्यातून हायड्रोजन सुटतो, आणि शेजारी मेथनॉलची वाफ असतेच! तेलावर आधी गंधकाम्लाची प्रक्रिया करत असाल, तर साधे लोखंडही बाद.

अस्तराची खरी गरज बायोडिझेल पाण्याने धुण्याच्या आणि साठवणीच्या लोखंडी टाकीला. तिथे पाणी तळाशी बसते आणि गंजही तळापासूनच चढतो. धुण्यासाठी जाड एचडीपीई प्लास्टिकची टाकी मिळत असेल तर रंगकामाच्या भानगडीत पडूच नका, फक्त त्यात गरम माल ओतू नका. लोखंडाचीच टाकी असेल तर नोव्होलॅक इपॉक्सी हा रसायनांना टिकणारा लेप घ्या. साधा ऑइलपेंट बायोडिझेलमध्ये सुटून येतो, आणि पॉलिएस्टर रेझिनला कॉस्टिक सोसत नाही.

पूर्ण टाकी रंगवण्याआधी पत्र्याच्या तुकड्यावर लेप द्या, तो पूर्ण वाळू द्या आणि तुमच्याच बायोडिझेलमध्ये अर्धा बुडवून दोन-तीन आठवडे ठेवा. नखाने दाबल्यावर खूण उमटली किंवा कडेला फोड दिसले, तर तो लेप नको.

लेप बहुधा वेल्डिंगच्या सांध्यांवरच दगा देतो. तिथले वेल्डिंगचे खडबडीत उंचवटे घासून सपाट करा आणि ब्रशने एक जादा हात द्या. एवढेसे छिद्र राहिले तरी सगळा गंज तिथेच खोल उतरतो. पत्र्यावर दव असताना रंगकाम करू नका.

जुन्या टाकीत मेथनॉलची वाफ साचलेली असू शकते. टाकी पाण्याने धुऊन, हवा खेळवल्याशिवाय आत उतरू नका. वेल्डिंग किंवा ग्राइंडर तर नाहीच. आत कोणी असेल तेव्हा बाहेर एक माणूस उभा हवाच.

जाता जाता पितळी व्हॉल्व्ह आणि रबरी वॉशरही बदलून घ्या. पितळेने बायोडिझेल लवकर खराब होते, रबर फुगते. स्टेनलेसचा व्हॉल्व्ह आणि टेफ्लॉनचा वॉशर बसवा.