मालावीला निघालेल्या भाचीसाठी: मुखवट्यांच्या नाचाचं रेकॉर्डिंग

गुले वाम्कुलू रेकॉर्ड करायला चाललीस, तर फोंड्याच्या मामाचं थोडं ऐकून जा. चेवा लोकांचा हा नाच मालावी, झांबिया आणि मोझांबिकमध्ये चालतो. सुगीनंतर जुलैत, शिवाय लग्नात, मयतात आणि गावच्या प्रमुखाच्या नेमणुकीला.

आधी परवानगी. नाचणारे न्याऊ या गुप्त मंडळाचे असतात. मुखवट्याआड कोण आहे, हे विचारायचंच नाही. तिथे तो माणूस नसतो, तो पितर असतो, नाहीतर रानातलं जनावर. (हेलिकॉप्टरचं सोंगसुद्धा असतं!) आपल्या गोव्यातल्या पेरणी जागराच्या (पेरणी समाजाच्या मुखवट्यांच्या खेळाच्या) नोंदीत तू कलाकाराचं नाव लिहितेस. इथे वादक-गायकांची नावं त्यांना विचारून लिही, नाचणाऱ्याचा रकाना कोराच ठेव. ‘बंद कर’ म्हणाले की मशीन बंद. चोरून काही घ्यायचं नाही.

रेकॉर्डरची पातळी सगळ्यांत जोरकस थापेवर लाव, काटा उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नकोस. आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद ठेव. सरावाला रोमटामेळ, म्हणजे शिगम्यातली ढोल-ताशांची मिरवणूक, उत्तम. ताशासमोर टिकलीस तर कुठेही टिकशील.

ढोलांचं कातडं जाळाजवळ धरून ताणतात, तिथपासूनच सुरू कर. आपले घुमटवाले उन्हात घुमट (कातडं ताणलेलं मातीचं वाद्य) तापवतात ना, त्यातलाच हा प्रकार. थाप हळूहळू चढत जाते, ते नंतर मिळत नाही. मुख्य माइक ढोलांपासून चार-पाच मीटरवर. दुसरा रेकॉर्डर बायकांच्या बाजूला हवाच. त्यांचं गाणं आणि टाळ्या हा नाचाचा अर्धा भाग. सगळे ढोलांकडे धावतात आणि बायका मागे कुजबुजल्यासारख्या ऐकू येतात, याचा मला भारी राग येतो. माइकला वारा अडवणारी टोपी विसरू नकोस. कुठल्या मुखवट्याला कुठलं गाणं लागलं, ते रोज रात्री झोपण्याआधी उतरवून काढ.

फाइल वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. तासाला साधारण एक जीबी लागेल. तीन प्रती कर, त्यातली एक दुसऱ्या घरी. गोव्याच्या पावसात हार्ड डिस्क सिलिका जेलसकट हवाबंद डब्यातच ठेवायची. नाचाच्या गावाला द्यायच्या मेमरी कार्डावर मूळ फाइलींसोबत एमपी३ही घाल, म्हणजे फोनवर लगेच ऐकता येईल.